जनरल रिलेटिव्हिटी आणि स्ट्रिंग थिअरी यांचं गुरुत्वाकर्षणावर एकमत आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आइन्स्टाईन सांगतो की गुरुत्वाकर्षण हे बल नाहीच, स्पेसटाइमची वक्रता आहे. स्ट्रिंगवाले सांगतात की सूक्ष्म स्ट्रिंग (तंतू) कंप पावतात, त्यातल्या एका कंपनाचं नाव ग्रॅव्हिटॉन, आणि या कणाची देवाणघेवाण म्हणजे गुरुत्वाकर्षण. मग दोघांपैकी एकच खरं असणार ना? आणि उद्या स्ट्रिंग बरोबर ठरली तर जीआर (म्हणजे आइन्स्टाईनची जनरल रिलेटिव्हिटी) चुकीची म्हणायची का?

या विषयात माझी बरीच वर्षं गेलीयेत, आधी रिसर्चमध्ये आणि आता जास्त करून शिकवण्यात, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. उत्तर आधीच देऊन टाकतो: एकमत आहे. जिथे जिथे जीआर तपासून झालीये तिथे स्ट्रिंग थिअरीतून आइन्स्टाईनचीच समीकरणं निघतात, आणि निघतात म्हणजे खरंच निघतात, कोणी हाताने घातलेली नाहीत. पण अडचण लोकांना वाटते त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला आहे. स्ट्रिंग थिअरीतून आइन्स्टाईन काढणं अवघड नाही, नको म्हटलं तरी तो येतोच. अवघड आहे ते एकटा आइन्स्टाईन काढणं, कारण तो येतो तो सगळा लवाजमा घेऊन, आणि त्या लवाजम्याचं काय करायचं यावर गेली चाळीस वर्षं डोकेफोड चालू आहे.

आधी ‘एकमत’ म्हणजे काय ते बघू. न्यूटन म्हणतो दोन वस्तूंमध्ये बल असतं आणि ते क्षणार्धात पोचतं, आइन्स्टाईन म्हणतो बलबिल काही नाही, वस्तू वक्र स्पेसटाइममध्ये जमेल तितक्या सरळ जातायत. शब्द ऐकले तर दोघं भांडतायत असं वाटेल, पण गुरुत्वाकर्षण कमजोर असेल आणि वेग कमी असतील तर आइन्स्टाईनच्या समीकरणातून न्यूटनचं सूत्र जसंच्या तसं बाहेर पडतं. फरक उरतो तो बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) इतका. म्हणजे दोन थिअरींची भाषा किती वेगळी आहे यावरून काही ठरत नाही. एकाच परिस्थितीत दोघी काय आकडा देतात, यावर ठरतं. स्ट्रिंग आणि जीआर यांचं नातं याच जातीचं आहे, फक्त एक मजला खाली.

आता ‘वक्रता की कण’ हे भांडण. खरं सांगायचं तर हे स्ट्रिंग थिअरीचं भांडणच नाही, ग्रॅव्हिटॉन ही कल्पना स्ट्रिंगच्या खूप आधीची आहे. प्रकाशाचं उदाहरण घ्या, रेडिओचा अँटेना लहर पकडतो, तो फोटॉन मोजत बसत नाही, तरी ती लहर फोटॉनचीच बनलेली असते, फक्त संख्या इतकी प्रचंड असते की एकेकट्याचं अस्तित्व जाणवत नाही. गुरुत्वीय लहरींचं तसंच. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने पकडलेल्या पहिल्या लहरीत साधारण ३ सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा बाहेर पडली होती, लहरीची फ्रिक्वेन्सी शेवटी दीडशे हर्ट्झच्या आसपास होती, आता प्लँकच्या स्थिरांकाने एका ग्रॅव्हिटॉनची ऊर्जा काढा आणि भागा, उत्तर येतं ५ गुणिले १० चा ७८ वा घात. इतके ग्रॅव्हिटॉन एका तालात असले की आपण त्याला ‘वक्रतेची लाट’ म्हणतो.

पण ‘वक्रता’ या शब्दाला एवढ्याने न्याय मिळत नाही, म्हणून जरा खोलात जातो. समजा तुम्ही वक्रता हा शब्द कधी ऐकलाच नाही, तुमच्याकडे सपाट स्पेसटाइम आहे आणि त्यात एक वस्तुमानरहित, स्पिन २ चा कण आहे (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत, फिरकीसारखा गुणधर्म). स्पिन २ च का, तर गुरुत्वाकर्षणाचा उगम ऊर्जा-संवेगाच्या टेन्सरमध्ये (ऊर्जा आणि संवेग यांचा हिशोब ठेवणाऱ्या आकड्यांच्या चौकटीत) आहे, त्याला दोन निर्देशांक असतात, म्हणून त्याला जोडलं जाणारं क्षेत्रही दोन निर्देशांकांचं हवं. वस्तुमानरहित का, तर पल्ला अनंत आहे. एकट्या अशा कणाचं समीकरण फिर्झ आणि पाउली यांनी १९३९ मध्येच लिहून ठेवलंय. आता हा कण पदार्थाला जोडायचा म्हटला की एक पेच येतो: हे क्षेत्र सगळ्या ऊर्जेला जोडलं जातं, पण त्या क्षेत्राची स्वतःचीही ऊर्जा आहे, मग ते स्वतःलाही जोडलं जायला हवं, म्हणून समीकरणात एक टर्म वाढवा, तर त्या नव्या टर्मची पण ऊर्जा असते, म्हणून अजून एक वाढवा, असं करत करत अनंत मालिका होते. या मालिकेची बेरीज काय येते? आइन्स्टाईनचं समीकरण! फाइनमन आणि वाइनबर्ग यांनी साठच्या दशकात हा रस्ता धरला आणि डेझरने १९७० मध्ये तो फार नीटसपणे करून दाखवला. शेवटी सुरुवातीच्या त्या सपाट स्पेसटाइमचं काय होतं, तर ते कोणालाच दिसत नाही, कारण मोजपट्ट्या आणि घड्याळं पण त्याच क्षेत्राला जोडलेली आहेत, त्यामुळे मोजाल ती वक्र मेट्रिकच (मेट्रिक म्हणजे स्पेसटाइममधली अंतरं आणि वेळ ठरवणारं क्षेत्र). म्हणजे वक्रता आणि ग्रॅव्हिटॉन हे दोन दावे नाहीतच, एकच गोष्ट दोन टोकांकडून सांगितलीये. हे पटलं की अर्धा प्रश्न इथेच संपतो.

मग जीआरला स्ट्रिंगची गरज काय? इथे एक गैरसमज फार पसरलाय की जीआर आणि क्वांटम मेकॅनिक्स यांचं मुळीच जमत नाही. असं नाहीये. कमी ऊर्जेला दोघांचं व्यवस्थित जमतं. डोनोह्यूने १९९४ मध्ये दाखवलं की न्यूटनच्या सूत्रातली क्वांटम दुरुस्ती चक्क काढता येते. तिच्या पुढचा गुणक आधी चुकला होता, २००३ च्या सुमारास तो ४१ भागिले १० पाय असा पक्का झाला, आणि दुरुस्तीचा आकार म्हणजे प्लँक लांबीचा वर्ग भागिले अंतराचा वर्ग. प्लँक लांबी १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर, म्हणजे दोन गोळे १ मीटरवर ठेवले तर ही दुरुस्ती १० च्या उणे ७० व्या घाताच्या आसपास येते. कोणी मोजणार नाही, पण उत्तर स्वच्छ आहे, त्यात कुठेही अनंत नाही.

अडतं ते पुढे, उंच ऊर्जेला. टी हूफ्ट आणि वेल्टमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की पदार्थाशिवायची जीआर पहिल्या लूपला (क्वांटम दुरुस्तीच्या पहिल्या पायरीला) वाचते पण पदार्थ घातला की अनंत उत्तरं येतात, आणि पुढे गोरॉफ आणि सॅन्योटी यांनी १९८५ मध्ये दुसऱ्या लूपचा राक्षसी हिशोब केला तेव्हा शुद्ध जीआरही गेली, त्या अनंताच्या पुढे २०९/२८८० असा अपूर्णांक येतो. हा अपूर्णांक मला फार आवडतो, कारण तो शून्य आला असता तर कदाचित आमच्या निम्म्या लोकांनी दुसरंच काही केलं असतं. असे अनंत झाकायला प्रत्येक पायरीवर नवा स्थिरांक लागतो आणि असे स्थिरांक संपतच नाहीत, त्यामुळे प्लँक लांबीच्या जवळ थिअरी काही सांगेनाशी होते. चुकीचं सांगते असं नाही, गप्प बसते.

स्ट्रिंग थिअरी या भानगडीत चुकून आली. १९६८ मध्ये वेनेझियानोने जे सूत्र मांडलं ते अणुकेंद्रातल्या तीव्र बलासाठी होतं, नंतर लक्षात आलं की ते कंप पावणाऱ्या स्ट्रिंगचं सूत्र आहे. त्यातून एक वस्तुमानरहित स्पिन २ चा कण सारखा डोकं वर काढायचा, तीव्र बलात असा कण नाही, लोक वैतागले, घालवायचा बराच प्रयत्न झाला. १९७४ च्या सुमारास शर्क आणि श्वार्त्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे योनेयाने, तो कण घालवायचं सोडून त्यालाच ग्रॅव्हिटॉन मानलं. वर सांगितलेला युक्तिवाद आठवा: वस्तुमानरहित, स्पिन २, परस्परक्रिया करणारा कण असेल तर कमी ऊर्जेला दुसरा पर्यायच नाही, जीआरच येणार.

हा कण नेमका कुठून येतो ते दाखवतो, कारण लवाजमाही तिथूनच येतो. बंद स्ट्रिंग म्हणजे रबरबँडसारखं वेटोळं. त्यावर लाटा दोन दिशांनी धावतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. सुपरस्ट्रिंगला १० मिती लागतात, त्यात स्ट्रिंगला प्रत्यक्ष हलायला आडव्या दिशा उरतात ८. वस्तुमानरहित अवस्थेत डावीकडच्या लाटेला ८ पर्याय आणि उजवीकडच्या लाटेलाही ८ पर्याय असतात, म्हणजे ८ गुणिले ८, एकूण ६४ अवस्था (फर्मिऑनवाल्या अवस्था सध्या बाजूला ठेवतोय). आता हे ६४ आकडे ८ बाय ८ च्या चौकटीत मांडा. चौकटीचा सममित भाग, त्यातून कर्णाची बेरीज वजा केली की ३५. विषम सममित भाग २८. आणि कर्णाची बेरीज १. पस्तीस, अठ्ठावीस आणि एक, झाले चौसष्ट. ते ३५ म्हणजे १० मितींतल्या ग्रॅव्हिटॉनच्या पोलरायझेशन (कंपनाच्या स्वतंत्र तऱ्हा), २८ वाल्या क्षेत्राला बी-फिल्ड म्हणतात, आणि तो शेवटचा एकटा १ म्हणजे डायलेटॉन. त्या एकाकडे लक्ष ठेवा, खरा त्रास तोच देतो. हेच गणित ४ मितींत केलं तर आडव्या दिशा २, चौकट २ बाय २ ची, सममित भागात उरतात २, आणि लायगोच्या लोकांना ज्या प्लस आणि क्रॉस पोलरायझेशन माहीत असतात त्या याच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. वरचा युक्तिवाद थोडा वळसा घालून जातो, ‘स्पिन २ आहे म्हणजे जीआर असणार’. पण आइन्स्टाईनचं समीकरण थेट बाहेर पडतं तो रस्ता वेगळाच आहे. स्ट्रिंग काळातून पुढे सरकते तेव्हा ती एक पृष्ठभाग रेखते, त्याला वर्ल्डशीट म्हणतात. ही स्ट्रिंग सपाट नाही, कुठल्या तरी वक्र स्पेसटाइममध्ये हलतेय असं समजा, मेट्रिक तुमच्या मर्जीने निवडा, कोणतीही. वर्ल्डशीटवर राहणाऱ्या माणसाला ही मेट्रिक म्हणजे त्याच्या द्विमितीय थिअरीतल्या कपलिंगचा (परस्परक्रियेचा जोर सांगणाऱ्या आकड्यांचा) संच वाटते. आता स्ट्रिंग थिअरीची एक अट आहे की वर्ल्डशीटवर स्केल बदलली, म्हणजे झूम आत-बाहेर केलं, तर काहीही बदलता कामा नये, नाहीतर नको असलेल्या अवस्था मोकळ्या सुटतात आणि शक्यता उणे यायला लागतात. पण क्वांटम थिअरीत झूम केलं की कपलिंग सरकतात, त्या सरकण्याला बीटा फंक्शन म्हणतात. फ्रीडनने १९८० मध्ये हिशोब केला, मेट्रिक किती सरकते? तर अगदी रिची टेन्सरइतकी (आइन्स्टाईनच्या समीकरणात वक्रता मोजणारी राशी). म्हणजे झूम केलं तरी काही बदलू नये ही अट म्हणजेच रिची बरोबर शून्य, म्हणजेच रिकाम्या जागेतलं आइन्स्टाईनचं समीकरण! १९८५ मध्ये कॅलन, फ्रीडन, मार्टिनेक आणि पेरी यांनी बी-फिल्ड आणि डायलेटॉन घेऊन पूर्ण संच लिहिला, त्यात या दोघांचा ऊर्जा-संवेगही योग्य जागी येऊन बसतो. (जाता जाता, पेरेलमनने पॉइंकारे कंजेक्चर सोडवताना जो रिची फ्लो वापरला तो म्हणजे मेट्रिकचं हेच सरकणं.)

माझ्या विद्यार्थीदशेत हा हिशोब मी वहीत केला तेव्हा डायलेटॉनच्या टर्मपुढचा २ मला दहाबारा दिवस सापडत नव्हता, दर वेळी १ येत होता. शेवटी कळलं की वर्ल्डशीटच्या स्वतःच्या वक्रतेची एक टर्म मी ‘क्षुल्लक’ म्हणून सोडली होती. ती सापडली आणि समीकरण जुळलं तेव्हा वाटलं की यात गुरुत्वाकर्षण कोणी घातलंच नव्हतं, आपण फक्त एवढंच म्हटलं होतं की दोन मितींच्या एका कापडावर मोठं-छोटं असा भेद नको, आणि त्यातून बुधाची कक्षा आली. या हिशोबाचा मोह मला अजून सुटलेला नाही हे मान्य करतो, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं समजा.

हे समीकरण अंदाजे आहे हेही महत्त्वाचं. रिची ही फक्त पहिली टर्म, पुढे वक्रतेच्या वरच्या घातांच्या टर्म येतात. टाइप टू सुपरस्ट्रिंगमध्ये (सुपरस्ट्रिंग थिअरीचा एक प्रकार) मधल्या टर्म कटतात आणि पहिली दुरुस्ती थेट वक्रतेच्या चौथ्या घाताची येते, तिच्यापुढे झीटा ऑफ ३, म्हणजे १.२०२, हा आकडा असतो, हे १९८६ मध्ये निघालं. या दुरुस्त्यांचा आकार ठरतो स्ट्रिंगची लांबी आणि स्पेसटाइमची वक्रता त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गावरून. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ही वक्रता त्रिज्या साधारण २.४ गुणिले १० चा ११ वा घात मीटर आहे, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतरापेक्षाही जास्त, इतका आपला स्पेसटाइम सपाट आहे. स्ट्रिंगची लांबी १० चा उणे ३४ वा घात मीटर धरली तर गुणोत्तराचा वर्ग येतो १० च्या उणे ९१ व्या घाताच्या आसपास. दहा सूर्यांच्या कृष्णविवराच्या कडेला गेलात तरी उणे ७७ वगैरे. आणि टाइप टू मध्ये तर याचाही घन करायचा. तेव्हा जीआरच्या कुठल्याही प्रयोगात स्ट्रिंगची दुरुस्ती दिसत नाही याचं नवल नको, दिसली असती तर हादरायला झालं असतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता लवाजमा.

डायलेटॉन हे स्केलर क्षेत्र आहे, त्याला दिशा नाही, आणि पहिल्या पायरीच्या हिशोबात ते वस्तुमानरहित असतं, म्हणजे त्याचाही पल्ला अनंत, गुरुत्वाकर्षणासारखाच. असं एखादं स्केलर गुरुत्वाकर्षणात ढवळाढवळ करत असेल तर काय दिसेल हे ब्रान्स आणि डिकी यांच्या १९६१ च्या थिअरीतून माहीत आहे, तिच्यात ओमेगा नावाचा एक आकडा असतो, तो जितका मोठा तितकी थिअरी जीआरच्या जवळ. कॅसिनी यान शनीकडे जात असताना सूर्याजवळून जाणाऱ्या रेडिओ सिग्नलचा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००३ मध्ये आला, आणि त्यावरून ओमेगा किमान ४०,००० हवा. स्ट्रिंग थिअरीची पहिल्या पायरीची कृती (अ‍ॅक्शन, म्हणजे थिअरीची समीकरणं ज्यातून निघतात ते सूत्र) ब्रान्स-डिकीच्या भाषेत लिहिली तर ओमेगा किती येतो? उणे १. चाळीस हजार हवा आणि आलाय उणे १. शिवाय डायलेटॉन वेगवेगळ्या पदार्थांना वेगवेगळ्या जोराने जोडला जातो, म्हणजे सगळ्या वस्तू सारख्याच पडतात हे तत्त्वच मोडतं, आणि मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनम घेऊन ते तत्त्व १० च्या उणे १५ व्या घातापर्यंत तपासलंय, अंतिम निकाल २०२२ मध्ये आले, काही फरक सापडला नाही.

म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर कच्ची स्ट्रिंग थिअरी आणि जीआर यांचं पटत नाही, आणि प्रयोग जीआरच्या बाजूने आहेत. ही गोष्ट लोकप्रिय व्याख्यानांत फारसं कोणी सांगत नाही आणि मला ते खटकतं.

यातून सुटका अशी की डायलेटॉनला वस्तुमान मिळालं पाहिजे, मग त्याचा पल्ला आखडतो आणि तो सूर्यमालेच्या प्रयोगांतून गायब होतो. तोच प्रकार उरलेल्या ६ मितींचा, त्या गुंडाळल्या की त्यांचे आकार आणि आकारमान सांगणारी स्केलर क्षेत्रं येतात, कधी कधी शेकड्यांनी, त्यांना मॉड्युलाय म्हणतात, आणि त्या सगळ्यांनाच जखडून ठेवायला लागतं. फ्लक्स (गुंडाळलेल्या मितींतून जाणारी, चुंबकीय क्षेत्रासारखी क्षेत्रं) वापरून हे करता येतं, आणि २००३ मध्ये काचरू, कॅलोश, लिंडे आणि त्रिवेदी यांनी अशी एक रचना मांडली ज्यात सगळं जखडलं जातं आणि वर थोडी धन ऊर्जाही उरते, म्हणजे आपल्या विश्वासारखं प्रसरण. ती रचना नीट उभी राहते का यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे, २०१८ पासून तर काही जण म्हणतायत की स्ट्रिंग थिअरीत असं स्थिर, धन ऊर्जेचं विश्व असूच शकत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ऋण वैश्विक स्थिरांकाच्या (म्हणजे रिकाम्या जागेची ऊर्जा ऋण असलेल्या) विश्वांत सगळं जखडून दाखवणं बऱ्यापैकी जमलंय, धनवाल्यात हात अजून थरथरतात. आणि आपलं विश्व धनवालं आहे, १९९८ पासून माहीत आहे. जीआरला याचा काही त्रास नाही, तिथे वैश्विक स्थिरांक म्हणून हवा तो आकडा घाला आणि पुढे चला, का इतका असं ती विचारत नाही. स्ट्रिंग थिअरीत आकडा हाताने घालता येत नाही, तो यावा लागतो, आणि घोडं तिथे अडलंय. सुसंगतीचा खराखुरा पेच मला विचाराल तर हा आहे, वक्रता विरुद्ध कण हा नाही.

जास्तीच्या मितींचं वेगळं सांगायला नको, त्या पुरेशा लहान असल्या की जीआरच्या आड येत नाहीत. न्यूटनचा वर्गव्यस्त नियम प्रयोगशाळेत ५२ मायक्रॉनपर्यंत तपासलाय, तिथपर्यंत चार मितींचाच आहे.

कृष्णविवरांकडे येतो, कारण तिथे दोघींची खरी परीक्षा होते. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्यामुळे माहीत आहे की कृष्णविवराची एन्ट्रॉपी (आतल्या शक्य अवस्थांच्या संख्येचं माप) म्हणजे क्षितिजाचं क्षेत्रफळ भागिले ४, प्लँक एककांत. हे जीआर आणि क्वांटम क्षेत्रांचं अर्धवट मिश्रण वापरून आलेलं उत्तर, त्यात एन्ट्रॉपी कशाची, कोणत्या अवस्था मोजतोय, याचा पत्ता नाही. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी ५ मितींतल्या एका खास प्रकारच्या कृष्णविवराच्या अवस्था स्ट्रिंग थिअरीत सरळ मोजल्या, आणि उत्तर आलं क्षेत्रफळ भागिले ४, तो ४ सुद्धा. पुढे अशोक सेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जे केलं ते माझ्या मते अजून पक्कं आहे आणि त्याचं कौतुक कमी झालं. मुख्य उत्तरानंतरची दुरुस्ती क्षेत्रफळाच्या लॉगरिदमच्या प्रमाणात असते, आणि तिचा गुणक फक्त कमी ऊर्जेच्या क्षेत्रांवरून, म्हणजे ग्रॅव्हिटॉन आणि त्याच्या भाईबंदांच्या एका लूपवरून ठरतो, आत स्ट्रिंग आहे की आणखी काही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सगळ्यात जास्त सुपरसिमेट्रीच्या (बलाचे कण आणि पदार्थाचे कण यांची जोडी लावणारी सममिती) ४ मितींतल्या प्रकारात तो गुणक उणे ४ येतो, आणि स्ट्रिंगच्या अवस्था मोजून काढलेल्या सूत्रातूनही उणे ४ च येतो. एका बाजूला वक्र स्पेसटाइमवरचा लूप, दुसऱ्या बाजूला निव्वळ मोजदाद, दोन्हीकडून तोच आकडा. ही कृष्णविवरं आकाशात असतात तशी नाहीत हे खरं, सुपरसिमेट्रिक आहेत, टोकाला भारित आहेत, तापमान शून्य. आकाशातल्या साध्या, फिरणाऱ्या कृष्णविवराच्या अवस्था कोणी अशा काटेकोरपणे मोजलेल्या नाहीत.

आणि काही ठिकाणी दोघी खरोखर वेगळं सांगतात. जीआरमध्ये लांबी कितीही लहान कल्पता येते. स्ट्रिंग थिअरीत एक मिती वर्तुळ करून गुंडाळली आणि तिची त्रिज्या आर असेल, तर ती थिअरी आणि स्ट्रिंग लांबीचा वर्ग भागिले आर इतकी त्रिज्या असलेली थिअरी, या दोन्ही एकच निघतात, कुठल्याही प्रयोगाने वेगळ्या ओळखता येत नाहीत, फक्त वर्तुळावर धावणारी स्ट्रिंग आणि वर्तुळाला गुंडाळलेली स्ट्रिंग यांची अदलाबदल होते. म्हणजे खूप लहान वर्तुळ आणि खूप मोठं वर्तुळ हा फरकच उरत नाही. जीआरच्या माणसाला हे सांगितलं की तो चिडतो, कारण त्याच्या दृष्टीने मेट्रिक ही मूळ गोष्ट, आणि इथे दोन वेगळ्या मेट्रिक एकाच वास्तवाच्या आहेत. मला विचाराल तर गुरुत्वाकर्षणाबद्दल स्ट्रिंग थिअरी नवं काय सांगते याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर हे आहे. १९९७ मध्ये माल्डासेनाने मांडलेली कल्पना याच्याही पुढे जाते, तिथे एका विशिष्ट वक्र विश्वातलं सगळं गुरुत्वाकर्षण त्याच्या कडेवरच्या, गुरुत्वाकर्षण नसलेल्या थिअरीतून येतं. तिथे तर मेट्रिक तापमानासारखी आहे, खूप कणांच्या गर्दीतून दिसणारी, एकट्या कणाला नसलेली.

जीआरवाल्यांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे, तो टाळत नाही. ते म्हणतात, आइन्स्टाईनचं मर्म हे की रंगमंच आधीपासून मांडलेला नसतो, मेट्रिक स्वतःच नाटकातलं पात्र आहे, आणि तुम्ही स्ट्रिंगवाले आधी एक स्पेसटाइम गृहीत धरता आणि त्यावर स्ट्रिंग नाचवता. अर्धं उत्तर असं की त्या गृहीत मेट्रिकमध्ये थोडा बदल करणं आणि ग्रॅव्हिटॉनची एकतालातली गर्दी सोडणं या दोन्हींचा परिणाम गणितात तंतोतंत सारखा येतो, मेट्रिकमधला बदल स्ट्रिंगच्या कृतीत घातांकात जाऊन बसतो आणि तो उलगडला की ओळीने ग्रॅव्हिटॉनच मिळतात. त्यामुळे रंगमंच स्ट्रिंगचाच बनलेला आहे, परका नाही. पण सुरुवातीलाच कुठलाही रंगमंच न मांडता अख्खी थिअरी लिहून दाखवा म्हटलं तर सर्वसाधारणपणे ते अजून जमलेलं नाही, माल्डासेनाच्या विश्वांत जमतं, तेही कड आधी ठरवून.

तर दुसरा प्रश्न, स्ट्रिंग बरोबर निघाली तर जीआर चुकीची का? आइन्स्टाईन आल्यावर न्यूटन जितका चुकीचा ठरला तितकीच, आणि आकड्यांत बघाल तर त्याहून फारच कमी, तिथे ४३ आर्कसेकंद तरी होते, इथे उणे ९१ वा घात आहे. उलट स्ट्रिंग चुकीची निघाली तर? तर जीआरला काहीच होत नाही. आणि सुसंगती हा पुरावा नव्हे हेही नोंदवून ठेवतो, कारण उत्साहाच्या भरात आमचेच लोक विसरतात. जीआर कमी ऊर्जेला येणं ही कुठल्याही क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या थिअरीची प्रवेश परीक्षा आहे. स्ट्रिंग ती पास झालीये, बाकीच्या काही उमेदवारांना तिथेच झगडावं लागतंय, एवढंच त्यातून म्हणता येतं.

तुम्हाला हे स्वतः पडताळायचं असेल तर स्ट्रिंगपासून सुरू करू नका. आधी सपाट मेट्रिकमध्ये छोटा बदल घेऊन आइन्स्टाईनचं समीकरण पहिल्या घातापर्यंत हाताने लिहा, कोऑर्डिनेट बदलल्यावर तो छोटा बदल कसा बदलतो ते काढा, आणि ४ मितींत १० पैकी २ च पोलरायझेशन का उरतात ते मोजा. दोन-तीन संध्याकाळी जातील. मग ती ८ बाय ८ ची चौकट काढा. बीटा फंक्शनचा हिशोब करायला घेतलात तर वर्ल्डशीटच्या वक्रतेची टर्म सोडू नका.